पान १६० नंतर पान १४५

महिन्याच्या एक तारखेला मी वहीत लिहिलं, 'या महिन्यात एकही पुस्तक विकत घ्यायचं नाही', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. चार तारखेला त्याच पानावर, त्याच शाईत नोंद आहे : 'जुनी पुस्तकं, ३.'

माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल, की मी पुस्तकं घ्यायला बाहेर पडलेच नव्हते. चष्म्याची दांडी निखळली होती, ती बसवून घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, अर्धा तास लागेल, फिरून या. वाचणाऱ्या माणसाला अर्धा तास मोकळं सोडणं हेच मुळात धोक्याचं. त्यात पलीकडच्या गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान, आणि नाकावर चष्मा नाही.

एरवी पुस्तक हातात घेतलं की माझा एक क्रम ठरलेला असतो. मलपृष्ठावरचा मजकूर मी वाचत नाही. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि बहुतेकदा पुस्तक न वाचता लिहिलेला असतो. आधी श्रेयनामावली बघायची : आवृत्ती कितवी, साल कोणतं, मुखपृष्ठ कुणाचं. मग अर्पणपत्रिका. 'आईस' असेल तर पुढे जायचं, 'ज्याला हे कळेल त्याला' असं काही असेल तर पुस्तक खाली ठेवायचं. मग मधलंच एखादं पान उघडून दहा ओळी वाचायच्या. पहिलं पान सगळेच जपून लिहितात. नव्वदाव्या पानावर लेखक बेसावध असतो. आणि पुस्तक जुनं असेल तर शेवटी पानं सरसर चाळून आकडे तपासायचे, एखादं गळलेलं आहे का, फाटलेलं आहे का ते बघायचं. जुनी पुस्तकं घेणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी शिकवतं किंवा एखादं पुस्तक शिकवतं.

त्या दिवशी यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. मुखपृष्ठावरची मोठी अक्षरं दिसत होती, आत मात्र मुंग्यांच्या रांगा. मग मी हाताने आणि नाकाने निवड केली. हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण करून बघा. कणा बोटांनी चाचपायचा, पुस्तक तळहातावर तोलायचं, मधोमध उघडून नाक लावायचं. काही पुस्तकांना ओल लागलेल्या भिंतीचा वास येतो, ती लगेच परत ठेवायची. ही ओल आपल्या कपाटातल्या इतर पुस्तकांनाही लागते. काहींना नुसत्या धुळीचा वास येतो. आणि काहींना तो गोडसर, कोरडा, जुन्या लाकडी कपाटासारखा वास, ज्यासाठी निम्मी माणसं अशा दुकानांत शिरतात आणि कबूल करत नाहीत.

हा गोडवा खरं म्हणजे झिजण्याचा वास आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन असतं, झाडाला ताठ उभं ठेवणारं द्रव्य. हवा आणि उजेड यांनी ते हळूहळू मोडत जातं, कागद पिवळा, मग तपकिरी होतो, आणि त्या मोडण्यातून जी द्रव्यं हवेत उडतात त्यांत व्हॅनिलिनही असतं, व्हॅनिलाला व्हॅनिलाचा वास देणारं. शिवाय एकोणिसाव्या शतकात शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी लावायची पद्धत रूढ झाली. ती तुरटी कागदात आम्ल सोडते आणि आम्ल कागदाचे धागे आतून तोडत राहतं. म्हणून एक उलटी गोष्ट घडते : पाचशे वर्षांपूर्वीची, चिंध्यांच्या कागदावर छापलेली पुस्तकं ग्रंथसंग्रहांत अजून पांढरी आणि लवचीक आहेत, आणि माझ्या कॉलेजातली पुस्तकं कोपऱ्याला हात लावला तर कोपरा हातात देतात. लाकडाच्या लगद्याचा कागद १८४०च्या दशकात आला, स्वस्त झाला, आणि त्या स्वस्ताईमुळेच पुस्तक माझ्यासारख्यांच्या घरात पोचलं. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?

असो. तीन पुस्तकं घेतली. चष्मा परत घेतला, नाकावर चढवला आणि रस्त्यातच कळलं की तिघांपैकी एक माझ्याकडे आधीपासून आहे. त्याचा कणा हाताला ओळखीचा वाटला होता, म्हणून तर उचललं होतं.

उरलेल्या दोहोंतली एक कादंबरी. लेखकाचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि पुस्तकांची नावं या लेखात मुद्दामच सांगत नाहीये. नाव सांगितलं की बोलणं त्या पुस्तकाकडे वळतं. पुस्तक लहान आकाराचं, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मावणारं. मोठाल्या, टेबलावर ठेवूनच वाचता येणाऱ्या ग्रंथांतून असं हातात मावणारं पुस्तक रूढ करण्याचं बरंच श्रेय व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या मुद्रकाला देतात. १५०१ मध्ये त्याने जुन्या अभिजात लेखकांची पुस्तकं लहान आकारात छापायला सुरुवात केली. छापील ताव तीनदा दुमडला की आठ पानं होतात, म्हणजे दोन्ही बाजू धरून सोळा पृष्ठं. त्याच्या या पुस्तकांवर टीका-टिपणं नसत, नुसता मूळ मजकूर. शिक्षकाशिवाय, मेजाशिवाय, चालता-चालता वाचायचं पुस्तक. या माणसाचे उपकार मला दर प्रवासात आठवतात, आणि हा सोळाचा आकडा पुढे मला चांगलाच आठवणार होता.

तर चार तारखेचं हे असं झालं. एकदा रेघ ओलांडली की मग ओलांडलीच. दहा तारखेपर्यंत पाच नवी पुस्तकं आली. यादीतली होती, म्हणजे ती घेणं हे एका परीने शिस्तीचंच काम. दोन घेतली भाचीला भेट द्यायला. तिला द्यायच्या आधी आपण वाचून बघायला हवीत, या जबाबदारीने घेतली. आणि एक केवळ एका चुकीमुळे : दुकानात एका अनोळखी माणसाने ते परत फळीवर ठेवलं, ते इतक्या अनिच्छेने, की मला राहवलं नाही. एकूण अकरा.

न वाचलेल्या पुस्तकांच्या ढिगाला जपानी भाषेत 'त्सुंदोकु' असा शब्द आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. मला वाटतं त्या शब्दाने नुकसानच केलं. पूर्वी वाईट वाटायचं तरी. आता लोक ढिगाचा फोटो काढतात. अपराधाला परदेशी नाव मिळालं की त्याचा छंद होतो.

मी हिशेब करून बघितला. तासाला साधारण तीस पानं, दिवसाला दीड तास, म्हणजे पंचेचाळीस पानं. महिन्याची झाली साडेतेराशे. अडीचशे पानांचं पुस्तक धरलं तर महिन्याला पाच आणि थोडं वर. घरातली न वाचलेली पुस्तकं मी एका रविवारी मोजली : २१४. म्हणजे आजपासून एकही पुस्तक न घेता, आजारी न पडता, पाहुणे न येता वाचत राहिले, तरी सव्वातीन वर्षं. हा आकडा बघून मला वाटायला हवी होती तेवढी भीती वाटली नाही. उलट सव्वातीन वर्षांची तरतूद आहे असं बरं वाटलं, आणि हेच माझ्या हिशेबी वागण्याचं फळ.

पुस्तक घेण्याचं सुख आणि वाचण्याचं सुख ही दोन वेगळी सुखं आहेत, एवढं मी आता स्वतःशी मान्य केलंय. घेताना आपण वेळ विकत घेतल्यासारखं वाटतं. हे पुस्तक ज्या संध्याकाळी वाचेन ती संध्याकाळ, तो उजेड, ते निवांतपण सगळं पिशवीत आहे असं वाटतं. घरी येऊन पिशवी उघडली की आत फक्त पुस्तक निघतं.

याखेरीज काही सुखं अशी आहेत की ती ना घेण्यात मोडतात ना वाचण्यात. नव्या पुस्तकाचं वेष्टन काढून त्याचा नागडा पुठ्ठा बघणं. दोन वेगळ्या लेखकांची पुस्तकं शेजारी लावताना ते एकमेकांशी भांडतील का याचा विचार करणं. आणि माझा एक खाजगी खेळ, जो मी कंटाळवाण्या रांगांत खेळते : पुस्तकाच्या पाठीवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, असतो ना, त्याचा शेवटचा आकडा झाकायचा आणि तो आपण काढायचा. तेरा आकडी क्रमांकात पहिल्या आकड्याला एकने, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला पुन्हा एकने असं आळीपाळीने गुणत जायचं, बेरीज करायची. शेवटचा आकडा असा हवा की एकूण बेरजेला दहाने पूर्ण भाग जावा. जमलं की उगाच विजयी वाटतं. २००७च्या आधीच्या पुस्तकांवर दहाच आकडे असायचे आणि तिथला हिशेब अकराचा होता. शेवटचा आकडा 'दहा' आला तर एका जागी दोन आकडे कसे छापणार? म्हणून तिथे रोमन दहा, इंग्रजी एक्सचं चिन्ह. असं एक्सवालं पुस्तक जुन्या गठ्ठ्यात हाती लागलं की मला नाण्यांच्या छंदिष्टासारखं होतं. घरात अशी नऊ आहेत. त्यातली तीन वाचलेली नाहीत.

त्या कादंबरीवर मात्र कसलाच क्रमांक नव्हता.

बारा तारखेच्या रात्री ती वाचायला घेतली. दोन भावांची गोष्ट. थोरला जमिनी मोजणारा, धाकटा घरीच. त्यांच्यात वडलांच्या एका कर्जावरून काहीतरी साचत जातं, आणि लेखक ते साचणं इतक्या सावकाश दाखवतो की पहिली शंभर पानं मी थोडी चिडूनच वाचली. नंतर लक्षात आलं की या सावकाशीनेच त्याने मला घरात ओढून घेतलंय. मला त्या घरातलं कुठलं दार करकरतं ते माहीत झालं होतं. एकशेसाठाव्या पानाच्या तळाशी थोरला ट्रंक उचलून निघतो. उंबऱ्यात थांबतो. वळून न बघता म्हणतो, की

मी समोरच्या पानावर गेले. 'आता दिवा मालवायला हवा, नाहीतर तेल पुरायचं नाही.'

मला ते वाक्य फार आवडलं. घर सोडून जाणारा माणूस काय बोलेल, तर तेल पुरणार नाही म्हणून दिवा मालवा. काय लेखक आहे, म्हटलं. पुढच्या ओळीत धाकट्याची बायको फुंकर मारते, तेही बरोबर. त्यापुढे थोरला अंथरुणावर पडून छताकडे बघतो. हा तर निघाला होता ना? कदाचित वाट बदलली असेल. कदाचित ही आठवण असेल. हल्ली सगळेच लेखक न सांगता मागे जातात. चार ओळींनंतर मला स्पष्ट आठवायला लागलं की हे मी वाचलंय, पण तरीही संशय आधी स्वतःवर. वय झालं, झोप आलीये, परवा हेच पान उघडं ठेवून डुलकी लागली होती. असं करत पान संपलं तेव्हा कुठे तळाचा आकडा बघितला. १४६. मागे गेले : १४५. त्याच्या मागे : १६०.

पुढे चाळत गेले. १४५ ते १६० पुन्हा अथपासून इतिपर्यंत, आणि त्यानंतर एकदम १७७.

तो मघाचा सोळाचा आकडा. पुस्तक एकेक पान छापून तयार होत नाही. एका मोठ्या तावावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पृष्ठं छापतात. ती तिथे वेडीवाकडी, काही उलटी दिसतात. ताव तीनदा दुमडला की ती आपोआप क्रमाने लागतात. हा झाला एक फर्मा. मग सगळे फर्मे ओळीने मांडून एकेक उचलत जायचं, एकावर एक रचायचं, शिवायचं, कडा कापायच्या. माझ्या पुस्तकात दहावा फर्मा दोनदा उचलला गेला होता आणि अकरावा राहून गेला होता. उचलणाऱ्याचा हात एका जागी थबकला असेल, कुणीतरी हाक मारली असेल. एक क्षण, फार तर. जाडी तेवढीच राहिली म्हणून वजनालाही कळलं नसणार. आणि कुठल्या तरी दुसऱ्या प्रतीत अकरावा फर्मा दोनदा असेल का, असं मला त्या रात्री बराच वेळ वाटत राहिलं.

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. चष्मा मी घातला नव्हता.

मी १७७ पासून पुढे वाचलं. थोरला परत आलाय. अंगणात बसलाय. डाव्या हाताला फडकं बांधलेलं आहे. कुणी त्याबद्दल काही बोलत नाही. हे सगळं चालवून घेता आलं असतं, पण १७८व्या पानावर धाकटा त्याला विचारतो, 'तुम्ही आत येताय ना?'

तुम्ही. एकशेसाठ पानं हा त्याला 'तू' म्हणत होता. भांडतानाही तू, ताप आला तेव्हाही तू. मी मागे जाऊन तपासलं, एकही अपवाद नाही. आणि आता तुम्ही. शेवटच्या पानापर्यंत तुम्ही. ज्या भाषेत एका सर्वनामाने माणूस परका करता येतो, त्या भाषेत हे शेवटचं भांडण म्हणायचं. आणि ते झालं होतं माझ्याकडे नसलेल्या सोळा पानांत.

त्या 'तुम्ही'शेजारी समासात पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. आधीच्या मालकाचं. मला एकदम सोबत मिळाल्यासारखं वाटलं. म्हणजे हीच प्रत, याच खड्ड्यासकट, आणखी कुणीतरी वाचली होती आणि इथेच अडखळलं होतं. समासात लिहिणाऱ्यांचा आदर्श म्हणजे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा. 'याची एक सुंदर सिद्धता माझ्याकडे आहे, पण ती मावायला हा समास अपुरा आहे' अशा अर्थाचं त्याने १६३७च्या सुमाराला लिहून ठेवलं, आणि ती सिद्धता सापडायला, म्हणजे अँड्र्यू वाइल्सची छापून यायला, १९९५ उजाडलं. (आडनावही फर्मा, काय योग आहे.) माझ्या पुस्तकाच्या आधीच्या मालकाला समास पुरला होता. त्याने अख्ख्या पुस्तकात आणखी एकच गोष्ट लिहिली होती, शेवटच्या कोऱ्या पानावर : 'गुरुवारी कुलूप बदलणे.'

पंधरा तारखेला भाची आली. ती सगळं वाचते ते तिच्या ई-वाचकावर, म्हणजे त्या पाटीसारख्या यंत्रावर. मी त्याच्या विरुद्ध नाही. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढे बारीक कोष असतात, त्यांत काळे नि पांढरे कण, आणि विजेच्या भाराने ते वर-खाली होतात. एकदा पान उमटलं की ते तसंच राहतं, वीज लागते ती फक्त पान बदलताना. हे तिने मला समजावलं तेव्हा मला ते फारच आवडलं. म्हणजे तुम्ही वाचत असता तेव्हा यंत्र स्वस्थ असतं. पण कुठवर आलीस असं विचारलं की ती म्हणते, "बासष्ट टक्के." मी म्हणते, "डाव्या पानावर, खाली, जिथे पत्र येतं तिथे." आम्ही एकाच पुस्तकाबद्दल बोलत असतो.

तिला मी फर्म्याची हकीकत सांगितली. तिने पुस्तक हातात घेऊन ते तीनदा पुढे-मागे चाळलं.

"यात पानं हरवत नाहीत, मावशी," ती आपल्या यंत्रावर थाप मारत म्हणाली.

"खरंय."

"पण मग काय झालं असेल? तू म्हणणारा तुम्ही का म्हणायला लागला?"

आणि ती दोन दिवस राहिली त्यात आम्ही एवढंच केलं. तिचं म्हणणं, थोरल्याने कर्ज एकट्याने फेडलं आणि ते धाकट्याला कळलं. उपकाराने माणूस तुम्हीवर येतो. माझं म्हणणं, थोरल्याने हात उगारला. फडकं त्याच्याच हाताला होतं हे तिने दाखवून दिलं. मग मी म्हटलं, धाकट्याने उगारला आणि नंतर लाजला. तिने ते मान्य केलं नाही. लाज वाटली तर माणूस बोलायचंच टाळतो, सर्वनाम बदलत नाही, असं ती म्हणाली, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला हे कुठून कळलं याचा मी बराच वेळ विचार केला. रात्री दिवा मालवल्यावर पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज आला, "त्याची बायको? तिने काही सांगितलं असेल का?" मी झोपल्याचं सोंग केलं, कारण माझ्याही मनात नेमकं तेच चाललं होतं.

त्या महिन्यात मी आणखी तीन पुस्तकं पूर्ण वाचली. एक पत्रसंग्रह, ज्यात एकाच बाजूची पत्रं होती, म्हणजे तिथेही अर्धा फर्मा गायबच. एक प्रवासवर्णन, बरं होतं. लेखक स्वतःवरच जास्त खूश होता. आणि एक पुस्तक मी चौथ्यांदा वाचलं, ते मोजायचं की नाही यावर माझं स्वतःशी एकमत होत नाही. अकरा नव्या-जुन्यांपैकी कादंबरी धरून दोनच हातात आली होती. या सगळ्या वाचनात मधूनमधून अंगणातला थोरला आणि त्याचं फडकं डोकावत राहिलं. पुस्तक पूर्ण असतं तर ते मी एका आठवड्यात विसरले असते, असा मला दाट संशय आहे.

अठ्ठावीस तारखेला मी ग्रंथालयात गेले. त्याआधी दोन आठवडे गेले नाही, हे लिहायलाच हवं. सूचीत बघणं काही अवघड नव्हतं. पण सोळा पानं मिळाली की खेळ संपणार हे दिसत होतं, आणि खेळ चांगला चालला होता.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. हे गृहस्थ आधी गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या सिद्धान्तांतही गणितातल्यासारखा आटोपशीरपणा आहे. पण फळ्यांच्या मध्ये उभं राहिलं की माझा वेळ वाचवण्याची कुणाची टाप नाही. कादंबरीपाशी पोचायला मला पाऊण तास लागला, वाटेत इतर पुस्तकं होती म्हणून. प्रत होती. माझ्याच आवृत्तीची, पक्क्या पुठ्ठ्याची बांधणी करून घेतलेली, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के; शेवटचा शिक्का पुसट आणि फार जुना. कणा हाताला घट्ट लागला. फारशी कुणी उघडली नसावी.

टेबलाशी जाऊन बसता आलं असतं. मी तिथेच, दोन कपाटांच्या मध्ये उभी राहून वाचलं.

'म्हणाला, की किल्ली कोनाड्यात आहे.' एवढंच. दिव्याचं वाक्य जास्त चांगलं होतं, असं अजूनही माझं मत आहे.

मग सात-आठ पानं नुसता रस्ता. थोरला जमिनी मोजत गावोगाव फिरतो, साखळी ओढतो, पावसात अडकतो. हात? परतीच्या वाटेवर एका धर्मशाळेत जड दार लोटताना बोटं सापडतात. एका ओळीत. ना कर्ज, ना भांडण, ना उगारलेला हात. १७०व्या पानावर तो घरी पोचतो. धाकटा दार उघडतो आणि म्हणतो, 'आलास?' म्हणजे अजून तूच आहे. थोरला आत येतो, ट्रंक ठेवतो, ओलं पागोटं सोडून पिळतो. धाकट्याची बायको कोरडं फडकं आणते. थोरला ते एका हाताने बांधायचा प्रयत्न करतो, गाठ सुटते. पुन्हा करतो, सुटते. धाकटा बघत उभा असतो. अर्धं पान लेखक त्या गाठीवर आहे. शेवटी थोरला दातात टोक धरून गाठ मारतो. आणि धाकटा म्हणतो, 'तुम्ही बसा.'

मी ते पान पाच-सहा वेळा वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं. काही राहिलं असेल, उलटताना दोन पानं चिकटून गेली असतील म्हणून कडेला बोट फिरवून बघितलं. आकडे सगळे ओळीने होते. १७०, १७१, १७२. सगळी पानं होती.

घरी येऊन मी माझी प्रत उघडली, १७८व्या पानावरचं ते पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह बघितलं. खोडून टाकावं असं मनात होतं, आता उत्तर माहीत आहे म्हणून. खोडलं नाही.

रात्री भाचीचा फोन आला.

"गेलीस का? मिळालं?"

"मिळालं."

"हात कशाने?"

"दारात सापडला."

"बास? आणि तुम्ही का?"

मी तिला गाठीचं सांगितलं. दातात टोक धरून, वगैरे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "ते पुस्तक मला पाठव. तुझंवालं. तसंच."

तिच्यासाठी घेतलेली दोन पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत. कादंबरी दुसऱ्या दिवशी खाकी कागदात बांधली, सुतळी दोनदा गुंडाळली. महिन्याच्या शेवटी वहीत नेहमीप्रमाणे जमाखर्च लिहिला. घेतली : ११. दिली : १. वाचली : ४, आणि १६ पानं.